आजच्या रात्रीला सूर द्या

आज ३१ ऑक्टोबर. भाऊबीज होऊन आठवडा उलटला, उंबऱ्यावरची रांगोळी पुसट झाली, आकाशकंदील मात्र अजून उतरलेले नाहीत. त्यांच्याच उजेडात आज दिवेलागणीला मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवलीच्या सोसायट्यांमध्ये मुलं घराबाहेर पडतील. कुणाच्या अंगावर काळी झूल, कुणाच्या तोंडाला पांढरी पावडर, कुणी तात्या विंचू, तर कुणी आजीच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेली हडळ. लिफ्ट वर-खाली होत राहील, बेल वाजत राहील. चॉकलेटं संपली म्हणून एखाद्या घरातली आजी फराळाच्या डब्यातली शेवटची चकली मुलांच्या बादलीत टाकेल. आणि त्याच वेळी सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर दरवर्षीचा वाद पेटेल. एक म्हणेल, हे परक्यांचं खूळ आपल्याला कशाला हवं. दुसरा म्हणेल, मुलं खूश आहेत ना, मग झालं.

या वादात आम्ही मुलांच्या बाजूचे आहोत. पण हॅलोविनबद्दल आमची एक तक्रार आहे, आणि ती हा सण परका असल्याची नाही. भोपळा आला, मुखवटे आले, खाऊ आला. या रात्रीचा आवाज मात्र डबाबंद राहिला. गेटजवळ दोन मोठे स्पीकर उभे करायचे, त्यातून दाराची करकर आणि कुणा अनोळखी माणसाचं विकट हास्य पुन्हा पुन्हा वाजवायचं, आणि तासाभरानं डीजेनं लग्नातलीच गाणी सुरू करायची. भीतीच्या रात्रीचा सगळा जीव आवाजात असतो. तोच उसना आणला, तर उरतो तो फक्त पोशाख.

हा सण मुळात आयर्लंड-स्कॉटलंडकडचा. सुगी संपून हिवाळा लागतो त्या सांध्यावर मेलेल्यांचा वावर असतो, अशी तिथल्या केल्टिक लोकांची समजूत होती. पुढे चर्चनं १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा आणि २ नोव्हेंबर हा सर्व मृतात्म्यांचा दिवस ठरवला. आदली रात्र हॅलोविनची. इंग्लंडात गोरगरीब या दिवसांत दारोदार जात, घरच्या मृतांसाठी प्रार्थना करत आणि बदल्यात छोटे केक घेत. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात आयरिश माणूस अमेरिकेला गेला. गावाकडे तो सलगम कोरून त्यात दिवा ठेवायचा, तिकडे त्याला भोपळा सापडला. आपल्याकडे हे सगळं आलं ते सिनेमातून, मॉलमधून, आणि न्यू जर्सीच्या मावशीनं पाठवलेल्या भाचरांच्या फोटोंमधून.

पण यातला मृतांचा भाग मुंबईच्या उपनगरांना अजिबात नवा नाही. मरोळ, आंबोली, कुर्ला, गोराई, मनोरी इथल्या गावठाणांत राहणारा ईस्ट इंडियन समाज हा इथला मूळ रहिवासी आणि मराठी बोलणारा. त्यांच्या घरांत २ नोव्हेंबर पिढ्यान्‌पिढ्या पाळला जातो. आधी कबरी घासूनपुसून स्वच्छ करायच्या, मग झेंडूची फुलं वाहायची, मेणबत्त्या लावायच्या. लहान मुलांनाही सोबत न्यायचं आणि हा तुझा पणजोबा म्हणून दाखवायचं. यंदा २ नोव्हेंबरला, म्हणजे परवाच्या रविवारी, तुळशीचं लग्नही आहे. एकाच संध्याकाळी एका गल्लीत ऊस आणि चिंचा-आवळ्यांनी सजलेलं वृंदावन असेल आणि शेजारच्या दफनभूमीत मेणबत्त्यांच्या रांगा. उपनगरांची ही खरी श्रीमंती आहे आणि आपण तिच्याकडे फारसं बघत नाही. अंधेरीच्या सीप्झमध्ये, संगणकांच्या कचेऱ्यांच्या मधोमध, १५७९ साली बांधलेल्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चचे भग्न अवशेष उभे आहेत. १८४० च्या सुमारास साथीच्या रोगानं तिथलं गाव उठलं, माणसं मरोळला गेली आणि नवं चर्च तिकडे बांधलं गेलं. जुन्या भिंतींभोवती मग भुतांच्या गोष्टी वाढल्या. पण त्या गावाचे वंशज वर्षातून एकदा तिथे जमतात आणि छप्पर नसलेल्या त्या वास्तूत मिस्सा गातात. उजाड जागेवर भुताचा हक्क मान्य करायचा आणि तरी तिथे जाऊन गायचं, हे या मातीत आधीपासून आहे.

हिंदू मराठी घरातही दाराशी येणारं भय काही नवं नाही. कोकणातल्या शिमग्यात संकासुर घरोघर फिरतो. काळे कपडे, तोंडावर मुखवटा, डोक्यावर उंच निमुळती टोपी, लांब पांढरी दाढी, कमरेला घुंगरं. ढोलाचा आवाज वाडीच्या टोकाला ऐकू आला की पोरं आईच्या पदराआड जातात, आणि संकासुर अंगणात पोचेपर्यंत त्याच पदराआडून डोळे बाहेर काढतात. सोबत गोमू नाचते, पोस्त मागितलं जातं, आणि ते घेतल्याशिवाय मंडळी हलत नाहीत. आज आपल्या बेलवर बोट ठेवून खाऊ मागणारं पोर त्याहून वेगळं काय करतं? नवरात्रात भोंडल्याच्या मुली या घरून त्या घरी जातात, गाणी म्हणतात आणि झाकलेली खिरापत ओळखायला लावतात. धनत्रयोदशीला आपण यमासाठी दक्षिणेकडे तोंड करून दिवा लावतो. नरक चतुर्दशीच्या पहाटे कारीट पायाखाली फोडतो. २०२४ साली नरक चतुर्दशी नेमकी ३१ ऑक्टोबरलाच आली होती. सकाळी आजोबांबरोबर कारीट चिरडलेल्या मुलांनी त्याच संध्याकाळी भोपळा कोरला, आणि त्या दोन गोष्टींत एकाही मुलाला विसंगती दिसली नाही. मराठी मूल ऐकतं ती पहिलीवहिली भीतीची गोष्टसुद्धा भोपळ्याचीच असते. लेकीकडे जाताना म्हातारीला रानात वाघ भेटतो, कोल्हा भेटतो, आणि परतताना ती भोपळ्यात बसून त्यांच्यामधून निसटते. ती गोष्ट आजी सांगायची ती मांडीवर घेऊन. वाघाचा आवाज खर्जातला, म्हातारीचा चिरका, भोपळ्याचा गडगडता. पोराला भीती वाटायची आणि ते ‘पुन्हा सांग’ म्हणायचं.

त्या मांडीचं महत्त्व आम्हांला मोठं वाटतं. भीती एकट्यानं सोसली की जखम होते. आपल्या माणसाचा हात हातात असला की तीच भीती खेळ होते, आणि त्या खेळातून मूल अंधारात उभं राहायला शिकतं. म्हणून ही रात्र कुटुंबाची आहे, आणि म्हणूनच तिला जिवंत आवाज हवा. आजीच्या गळ्यातून निघालेला वाघ मुलाच्या चेहऱ्याकडे बघत मोठा किंवा छोटा होत असे. स्पीकरमधलं विकट हास्य कुणाकडेच बघत नाही.

आवाजानं भय कसं उभं करायचं हे याच उपनगरांत फार पूर्वी कळलेलं होतं. मालाडच्या बॉम्बे टॉकीजचा १९४९ सालचा ‘महल’ आठवून पाहा. कमाल अमरोहींचं दिग्दर्शन, खेमचंद प्रकाश यांचं संगीत, आणि रिकाम्या हवेलीत दुरून येणारा विशीतल्या लता मंगेशकरांचा आवाज. आवाज लांबून जवळ येतोय असा भास हवा होता आणि तो घडवणारी यंत्रं तेव्हा नव्हती. मायक्रोफोन खोलीच्या मध्यावर ठेवला गेला. लताबाईंनी कोपऱ्यातून गायला सुरुवात केली आणि गात गात त्या एकेक पाऊल त्याच्या दिशेनं आल्या. तालमीमागून तालमी झाल्या, कारण पाऊल आणि सूर यांची गाठ नेमक्या जागी पडायला हवी होती. त्या काळच्या तबकडीवर गायिका म्हणून नाव छापलं गेलं ते पडद्यावरच्या पात्राचं, कामिनी. इतक्या वर्षांनी आजही ते गाणं लागलं की अंगावर काटा येतो, तो कशानं? शब्द साधे आहेत, चालीत भेसूर असं काही नाही. काटा येतो तो खोलीच्या त्या अंतरामुळे. एका गायिकेनं चालत कापलेली ती चार पावलं आपल्याला ऐकू येतात. प्रायोगिक संगीत म्हणतात ते याहून वेगळं नाही. आवाज कुठून येतो, कशातून येतो, किती वेळ टिकतो, याच्याशी धीटपणे खेळणं आणि पुढे काय होईल हे आधी ठरवून न टाकणं.

मराठी माणसाला ‘प्रायोगिक’ या गोष्टीचं वावडं कधीच नव्हतं. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात सत्तरच्या दशकात ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेनं जे घडवलं, त्यावर आपण आजही अभिमानानं बोलतो. १९७२ च्या ‘घाशीराम कोतवाल’ला भास्कर चंदावरकरांनी दिलेलं संगीत वजा करा, ते नाटक उभंच राहणार नाही. १९७४ मध्ये सतीश आळेकरांच्या ‘महानिर्वाण’नं तर मेलेल्या माणसालाच कीर्तनाला उभं केलं. घरात प्रेत, दारात चाळकरी, आणि स्वतःच्या मरणावर आख्यान लावणारा भाऊराव. मृत्यू, कुटुंब आणि संगीत यांची अशी गाठ जगातल्या कुठल्याही हॅलोविनला सुचलेली नाही. १९७८ च्या ‘तीन पैशाचा तमाशा’त नंदू भेंड्यांनी रॉक आणलं आणि मराठी प्रेक्षकांनी तेही डोक्यावर घेतलं. म्हणजे नाटकाच्या आडोशानं आपण नवे, खडबडीत, अनोळखी आवाज ऐकत आलो. नाटकाचा आडोसा काढून नुसता आवाज समोर ठेवला की मात्र आपल्याला जागा सापडत नाही. प्रायोगिक नाटकाला छबिलदास मिळालं. प्रायोगिक संगीताला आपल्याकडे अजून छबिलदास नाही.

आणि हे संगीत परकं मानण्याचंही कारण नाही. त्याचा एक धागा सरळ भोपळ्यातून जातो. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या शिवारात कडू भोपळा वेलावरच मोठा होऊ देतात, वाळवतात, आणि तो मिरजेच्या सतारमेकर गल्लीत येतो. तिथे तो भिजवतात, कापतात, आतला गर आणि बिया खरवडून काढतात, आणि त्या पोकळीवर तंबोरा उभा राहतो. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. याच मिरजेत किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ राहिले. त्याच घराण्याचे पंडित प्राणनाथ १९७० मध्ये न्यूयॉर्कला गेले, आणि ला माँट यंग, टेरी रायली हे अमेरिकेतले अग्रणी प्रायोगिक संगीतकार त्यांच्यापुढे तंबोरा घेऊन बसले. एकच स्वर तास तास लांबवत त्याच्या पोटातले बारीक स्वर ऐकत राहायचं, ही जी रीत आज जगभरच्या प्रायोगिक मैफलींत दिसते, तिच्या मुळांपैकी एक ही बैठक आहे. तिकडच्यांनी भोपळ्यात दिवा ठेवला, आपण सूर ठेवला. एका संध्याकाळी दोन्ही शेजारी शेजारी ठेवायला काय हरकत आहे?

यंत्रांचीही तीच कथा. मुंबईच्या सिनेसंगीतात वादक म्हणून उमेदवारी केलेल्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलँड कंपनीच्या तीन जपानी यंत्रांवर दहा राग बसवले आणि एचएमव्हीनं ती तबकडी काढली. ललत, भूप, मालकंस, खाली एकसारखा ठेका आणि वर वळवळणारा विजेचा सूर. कुणी फारसं लक्ष दिलं नाही. पाचेक वर्षांनी शिकागोत त्यांतल्याच एका यंत्रातून ‘ॲसिड हाउस’ नावाची चळवळ निघाली. २०१० मध्ये एका डच कंपनीनं चरणजित सिंगांची तबकडी पुन्हा काढली तेव्हा जगाला कळलं की मुंबईत हे आधीच वाजून गेलं होतं. म्हातारपणी ते परदेशी महोत्सवांत वाजवायला गेले. २०१५ मध्ये वारले. मुंबईनं त्यांना वेळेवर ऐकलं नाही, याची आम्हांला खंत वाटते.

उपनगरांतला सर्वांत जुना जिवंत आवाज मात्र यंत्रातला नाही. तो आरे कॉलनीतल्या आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या वारली पाड्यांवर आहे. तारपा जवळून पाहिला आहे का? मधोमध वाळलेला भोपळा, त्याला वरून फुंकणी. खालच्या बाजूला बांबूच्या दोन नळ्या, त्यांना बोटांची भोकं. पुढे ताडाच्या पानांचा लांबच लांब कर्णा, आणि सगळे सांधे मेणानं बुजवलेले. वाजवणारा नाकानं श्वास घेता घेता तोंडानं फुंकत राहतो, त्यामुळे आवाज तुटतच नाही. एका नळीचा सूर खाली घुमत राहतो, दुसरीवर बोटं चालतात, आणि दोन्हींमध्ये एक तिसरीच घरघर तयार होते. ती ऐकताना छातीचा पिंजरा हलतो. नाचणारी माणसं वादकाभोवती एकमेकांच्या कमरेला धरून फेर धरतात, फेर आत वळतो, बाहेर उलगडतो, आणि वादकाला कुणी पाठ दाखवत नाही. म्हातारी, तरणी, पाळण्यातून नुकती उतरलेली, सगळी एकाच फेरात. भात तयार झालं की हे सुरू होतं. वाघबारशीला हीच माणसं वाघोबाला पुजतात, कारण त्यांच्या अंगणात बिबट्या खरोखर येतो. भयाशी शेजारधर्मानं वागणं आपण त्यांच्याकडून शिकावं. काही वर्षांपूर्वी ‘स्वदेशी’ या मुंबईच्या रॅप गटानं आरेतल्या केलटीपाड्याच्या प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन गाणं केलं. तिथे वारली सूर आणि रॅप यांचा सांधा कुठेही दिसत नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये रातोरात आरेची झाडं पडली, त्या आवाजाची आठवण आज ते गाणं ऐकताना येते.

मग हे सगळं आपल्या मुलांच्या कानी का पडत नाही? कारण सरळ आहे. मुंबईत असं संगीत जिवंत ऐकायचं तर बहुधा बारमध्ये जावं लागतं. तिथे कार्यक्रम रात्री नऊनंतर सुरू होतो, दारात वयाचा दाखला मागतात, आणि महाराष्ट्रात मद्यासाठी २५ वर्षांची, बिअरसाठी २१ वर्षांची अट आहे. आठ वर्षांची नात आणि सत्तर वर्षांचे आजोबा दोघांनाही तिथे जागा नाही. लोअर परळचा ब्लू फ्रॉग २००७ पासून नवनव्या वादकांना मंच देत होता, तोही २०१६ मध्ये बंद झाला. वर्सोव्याच्या आरामनगरातल्या बंगल्यांतून छोटी-छोटी प्रयोगघरं चालतात, तिथली तरुण मंडळी खिशाला खार लावून कार्यक्रम करतात, आणि त्यांचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण मुलुंडच्या कुटुंबानं शुक्रवारी संध्याकाळी मुलांना घेऊन वर्सोवा गाठायचं म्हणजे पूर्व-पश्चिम रहदारीत निम्मी रात्र गेली.

आमच्या मते याचं उत्तर सोसायटीच्या आवारातच आहे. घाटकोपरच्या एका सोसायटीत आम्ही ते पाहिलं. सी विंगमधली एक मुलगी सिनेमाच्या ध्वनिसंकलनाचं काम करते. हॅलोविनला डीजे नको, मला अर्धा तास द्या, असं तिनं कमिटीच्या काकांना सांगितलं. काका कुरकुरले आणि तयार झाले. तिनं कुणाच्या घरची पितळी परात आणली, तिच्या पाठीला नाण्याएवढा मायक्रोफोन चिकटवला आणि मुलांच्या हातात मूठ मूठ तांदूळ दिले. एकेक दाणा परातीत पडला की स्पीकरमधून पत्र्यावर गार पडावी तसा आवाज. मूठ सोडली की जंगलातला पाऊस. तिनं तो आवाज यंत्रात धरून फिरता ठेवला, खाली उतरवला, आणखी खाली, आणि पाऊस हळूहळू कुणाच्या तरी श्वासासारखा होत गेला. तळमजल्यावरच्या आजींनी खलबत्ता आणला. सिंधुदुर्गातून आलेले एक आजोबा तरुणपणी दशावतारात झांज वाजवत. त्यांनी घरातून ती आणली आणि काठावर काठ नुसता टेकवत अशी काही किणकिण काढली की गेटवरचे वॉचमनकाका खुर्ची सोडून उभे राहिले. आवारातले दिवे मालवलेले, फक्त कोरलेले तीन भोपळे. सगळ्यांत खालचा सूर आला तेव्हा पाचेक वर्षांचा एक राक्षस आईच्या कमरेला बिलगला. रडला नाही. थोड्या वेळानं त्यानं मुखवटा कपाळावर सरकवला आणि विचारलं, आता मी तांदूळ टाकू?

त्या अर्ध्या तासात कुणीही फोनवर बघत नव्हतं, असं आम्ही म्हणणार नाही. काही जण बघत होते. काहींना हे आवडलंही नाही, त्यांनी तसं तोंडावर सांगितलं. आवडायलाच हवं असा आग्रह नको. मुद्दा असा की आजी, आई, नात आणि वॉचमन यांनी एकाच वेळी, एकाच जागी, आधी कुणीच न ऐकलेला आवाज ऐकला. त्यात जाणकार कुणी नव्हतं आणि अडाणीही कुणी नव्हतं. शास्त्रीय मैफलीत आजोबा मुलाला गप्प बसवतात, डीजेच्या रात्री मुलं आजोबांना घरात बसवतात. अनोळखी सुरापुढे दोघांचं वय सारखं होतं. कुटुंब एकत्र आणणारं याहून सोपं साधन आम्हांला तरी माहीत नाही.

यासाठी पैसा फार लागत नाही. डीजेचं भाडं वाचतं, त्यात एखाद्या तरुण वादकाचं मानधन सन्मानानं देता येतं, आणि ते द्यायलाच हवं. शेजारची मुलगी आहे म्हणून फुकट राबवून घेऊ नये. पाड्यावरच्या तारपावादकाला बोलावलं तर त्याला नमुना म्हणून उभं करू नये, कलावंत म्हणून बोलवावं, येण्या-जाण्याची सोय करावी, आणि त्यानं किती वेळ वाजवायचं हे त्याच्यावर सोपवावं. बेंजो पार्टीतली पोरं तर गल्लोगल्ली आहेत. विजेवर चढवलेला बेंजो, ताशा, ऑक्टोपॅड हा मुंबईच्या रस्त्यानंच घडवलेला प्रयोग आहे. मूळ जपानी वाद्याच्या घराण्यातला हा बुलबुलतरंग आपण गणपतीच्या मिरवणुकीत इतका आपला केला की त्याचं परदेशी कूळ कुणाला आठवतही नाही. विसर्जनाचे दिवस सरले की ही मुलं रिकामी असतात. त्यांना एकदा सांगून पाहा की गाणं वाजवू नका, भीती वाजवा. काय वाजवतात ते ऐकण्यासारखं असेल.

महापालिकेकडेही आमचं मागणं आहे. बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृह, मुलुंडचं कालिदास, विलेपार्ल्याचं दीनानाथ ही उपनगरांची हक्काची घरं पालिकेच्याच ताब्यात आहेत. त्यांच्या छोट्या दालनांतून, तालीम खोल्यांतून किंवा नुसत्या आवारातून महिन्याची एक संध्याकाळ अशा संगीतासाठी नाममात्र भाड्यानं द्यावी. वेळ सहा ते आठ. मुलांना प्रवेश, खुर्च्यांऐवजी सतरंजी चालेल. छबिलदासनं शाळेच्या एका सभागृहात मराठी रंगभूमीची एक पिढी घडवली, त्यापुढे हे मागणं फारच लहान आहे.

आवाजाच्या नियमाचा धाक इथे आडवा येत नाही, उलट मदतीला येतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि दहानंतर ध्वनिक्षेपक बंद. डीजेला ही मर्यादा जाचते. परातीत पडणाऱ्या तांदळाला ती पुरून उरते. मोठ्या आवाजानं माणूस दचकतो, पण भीती वाटते ती हळू आवाजाची, नीट ऐकू न येणाऱ्याची. कोकणातल्या घरात मागीलदारी काहीतरी खुसपुसलं की सगळं घर ज्या कानानं ऐकतं, तो कान मुलांना द्यायचा तर आवाज कमीच हवा. ज्यांच्या घरात आजारी माणूस आहे, तान्हं बाळ आहे, भेदरणारं कुत्रं आहे, त्यांचीही या रात्रीला हरकत राहणार नाही.

आज संध्याकाळी सात ते दहा असे तीन तास हाताशी आहेत. डीजेला दिलेली आगाऊ रक्कम परत मिळणार नसेल तर राहू द्या, त्याला साडेआठला यायला सांगा. त्याआधी आवारातले दिवे मालवा, सतरंज्या घाला, आजोबांना खाली आणा. कुणाच्या घरात तंबोरा, संबळ, पेटी, सिंथेसायझर, नाहीतर नुसती परात आहे ते मुलांनाच विचारून यायला सांगा; बेल वाजवायला ती निघालेलीच आहेत.